अक्षरांविषयीच्या नियतकालिकांचे बिल कोण भरते?

टायपोग्राफी (छापील अक्षरांची घडण आणि मांडणी) आणि ग्राफिक डिझाइन या विषयांना वाहिलेली स्वतंत्र नियतकालिके निव्वळ व्यवहाराच्या दृष्टीने पाहिली, तर निघूच नयेत अशी आहेत. त्यांचा वाचकवर्ग लहान असतो. हा वाचक बहुधा स्वतः डिझायनर असल्यामुळे कागद हलका वापरला किंवा शाई फिकट पडली तर ते त्याला पहिल्याच पानावर कळते, म्हणून छपाईत काटकसर करता येत नाही. आणि एवढ्या लहान वर्तुळात मोठ्या जाहिरातदाराला रस नसतो. तरीही गेल्या शंभर वर्षांत अशी नियतकालिके आणि या विषयावरची पुस्तके काढणारी छोटी प्रकाशनगृहे निघत राहिली, आणि आज संगणकावर व फोनवर दिसणाऱ्या अक्षरांविषयीची आपली समज घडवण्यात त्यांच्या पानांवर झालेल्या वादांचा वाटा मोठा आहे. हे कसे जमले हे समजून घ्यायचे असेल, तर हातात आलेल्या प्रत्येक अंकाला एक प्रश्न विचारावा: याचे बिल कोणी भरले? त्या उत्तरावरून अंकात काय छापले गेले आणि काय राहून गेले याचा बराच अंदाज येतो.

दोन संज्ञा आधी स्पष्ट केलेल्या बऱ्या. टाइपफेस म्हणजे एका विशिष्ट वळणात रेखाटलेला अक्षरांचा संपूर्ण संच. धातूच्या सुट्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, काळात तो शिशाच्या मिश्रधातूत ओतला जात असे. आज तो संगणकीय फाइलच्या रूपात मिळतो आणि त्या फाइलला आपण फॉन्ट म्हणतो. संगीतावरचा लेख वाजत नाही, परंतु अक्षरांवरचा लेख अक्षरांतच छापावा लागतो. त्यामुळे या विषयावरच्या प्रकाशनात मजकूर आणि नमुना एकाच पानावर असतात, आणि संपादकाला जे म्हणायचे आहे ते त्याच्या पानाने आधी पाळलेले असावे लागते. ओळींमधील अंतर कसे असावे यावर लिहिलेला लेख गच्च ओळींत छापलेला दिसला, तर वाचक तो पुढे वाचत नाही. या प्रकाशनांचा छपाईचा खर्च कमी करता येत नाही याचे खरे कारण हेच आहे.

या परंपरेचा आरंभ म्हणून ज्याचे नाव घेतले जाते ते ‘द फ्लूरॉन’ हे इंग्लंडमधील वार्षिकवजा नियतकालिक १९२३ ते १९३० या काळात निघाले आणि त्याचे एकूण सात अंक झाले. पहिले चार अंक ऑलिव्हर सायमन यांनी संपादित केले, उरलेले तीन स्टॅन्ली मॉरिसन यांनी. सायमन कर्वेन प्रेस या मुद्रणालयाशी संबंधित होते, तर मॉरिसन मोनोटाइप या खिळे ओतणारी यंत्रे बनवणाऱ्या कंपनीचे सल्लागार होते. म्हणजे जाड कागदावरच्या त्या देखण्या अंकांना वरवर विद्वत्सभेचे रूप असले, तरी मागे मुद्रणालय आणि यंत्रकंपनी या दोघांच्या सावल्या होत्या. त्या काळी मोनोटाइप जुन्या काळातील अक्षरवळणे नव्या यंत्रांसाठी पुन्हा तयार करीत होती, आणि जुन्या अक्षरांच्या इतिहासाविषयी कुतूहल वाढणे तिच्या हिताचे होते.

तरीही ‘द फ्लूरॉन’चा सर्वांत गाजलेला लेख याच हिताच्या विरुद्ध गेला. १९२६ च्या पाचव्या अंकात पॉल बोजॉन या नावाने गारामाँ अक्षरांवरचा एक दीर्घ लेख प्रसिद्ध झाला. क्लोद गारामाँ हा सोळाव्या शतकातील फ्रेंच अक्षरकार. त्याच्या नावाने फ्रान्सच्या राष्ट्रीय मुद्रणालयात जपून ठेवलेली अक्षरे हा विसाव्या शतकातील अनेक ‘गॅरमंड’ टाइपांचा आधार होता. लेखाने त्या अक्षरांची तुलना झां जानों या मुद्रकाच्या १६२१ सालच्या नमुनापुस्तिकेशी केली आणि ती गारामाँची नसून त्याच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी जानोंने कोरलेली आहेत हे सिद्ध केले. मोनोटाइपने १९२२ साली बाजारात आणलेला गॅरमंड याच अक्षरांवर बेतलेला होता, म्हणजे चूक कंपनीच्या अंगणातही होती. पॉल बोजॉन हे टोपणनाव होते. लेख बिअट्रिस वॉर्ड या अमेरिकन तरुणीने लिहिला होता. मोनोटाइपने या ‘गृहस्थां’ना आपल्या नियतकालिकाचे संपादकपद देऊ केले तेव्हा समोर एक स्त्री आल्याने कंपनी चकित झाली, पण नोकरी तिलाच मिळाली आणि पुढची अनेक वर्षे त्या कंपनीच्या प्रसिद्धीचे काम तिने पाहिले. टाइपचे नाव मात्र कोणी बदलले नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर येणारा ‘गॅरमंड’ हा मोनोटाइपचाच असल्याने, त्यात पत्र लिहिणारा माणूस आजही जानोंच्या वळणात लिहितो.

दुसऱ्या महायुद्धानंतर मुद्रणालयाच्या आश्रयाचे याहून स्वच्छ उदाहरण लंडनमध्ये दिसते. हर्बर्ट स्पेन्सर यांनी १९४९ मध्ये, वयाच्या पंचविशीत, ‘टायपोग्राफिका’ सुरू केले. लंड हम्फ्रीज ही मुद्रण आणि प्रकाशन दोन्ही करणारी संस्था ते काढीत असे, आणि १९६७ पर्यंत त्याचे बत्तीस अंक निघाले. मुद्रणालयाला असे नियतकालिक परवडते याचे कारण सरळ आहे: निरनिराळे कागद, मध्येच जोडलेल्या घड्या, वेगळ्या आकाराची पाने या सगळ्यांतून त्याचे कसब ग्राहकांपुढे मांडले जाते. या आर्थिक गणितामुळे स्पेन्सर यांना विषयाची मुभा मिळाली. १९६१ साली त्यांनी लंडनहून विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील फलकांची छायाचित्रे एकापुढे एक छापली आणि वेगाने जाणाऱ्या वाहनचालकाला त्या गोंधळातून काही कळणे कसे अशक्य आहे ते दाखवले. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये रस्त्यांवरच्या फलकांच्या फेररचनेचा विचार सुरू झाला होता, आणि जॉक किनिअर व मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी तयार केलेली नवी फलकपद्धती १९६५ पासून देशभर लागू झाली. एका नियतकालिकाने सरकार हलवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण छायाचित्रांची एवढी लांब, अर्धवट कंटाळवाणी रांग छापायला दुसरे कोणी धजले असते असे मला वाटत नाही.

टाइप विकणाऱ्या कंपनीने स्वतःच नियतकालिक काढण्याची कल्पना सत्तरच्या दशकात अमेरिकेत पूर्ण विकसित झाली. आयटीसी या कंपनीचे ‘अपर अँड लोअर केस’ हे वर्तमानपत्री कागदावरचे मोठे नियतकालिक १९७३ मध्ये हर्ब ल्युबालिन यांच्या संपादनाखाली सुरू झाले, विनामूल्य वाटले गेले आणि १९९९ पर्यंत चालले. त्यातले प्रत्येक पान कंपनीचे अक्षर वापरीत असे. हे स्वतंत्र नव्हते आणि तसा त्याचा दावाही नव्हता, म्हणून येथे त्यावर अधिक रेंगाळण्याचे कारण नाही. मात्र नियतकालिक हेच टाइपचे नमुनापुस्तक होऊ शकते हा धडा त्याने घालून दिला, आणि पुढच्या दशकात कॅलिफोर्नियातील एका जोडप्याने त्याची दिशा उलटी केली.

रूडी व्हॅन्डरलान्स हे हेग येथे शिकलेले डच डिझायनर. झुझाना लिच्को यांचा जन्म ब्रातिस्लाव्हाचा, पण बालपणीच त्या कुटुंबासह अमेरिकेत आल्या. दोघांची भेट बर्कलीच्या विद्यापीठात झाली. १९८४ मध्ये व्हॅन्डरलान्स आणि त्यांच्या दोन डच मित्रांनी परदेशी स्थायिक झालेल्या कलावंतांसाठी ‘एमिग्रे’ नावाचे नियतकालिक काढले. पहिला अंक टंकयंत्रावर लिहिलेला मजकूर लहानमोठा करून आणि छायाप्रती चिकटवून तयार झाला, कारण जुळणीसाठी पैसे नव्हते. ग्राफिक डिझाइन हा त्या वेळी त्यांचा विषयही नव्हता.

त्याच वर्षी ॲपलचा मॅकिंतॉश बाजारात आला. त्याच्या पडद्यावर एका इंचात ७२ ठिपके बसत असत, म्हणजे लहान आकारातील अक्षराच्या वाट्याला जेमतेम दहा-बारा ठिपक्यांची उंची येत असे. एवढ्या विरळ चौकटीत कोणतेही पारंपरिक अक्षर बसवायला गेले की त्याच्या कडा दातेरी होत आणि बारीक रेषा नाहीशा होत. बहुतेक डिझायनरांनी यावरून ठरवले की हे यंत्र गंभीर कामाचे नाही. लिच्को यांनी प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. ठिपक्यांची चौकट ही पहिली अट मानायची आणि त्या अटीतूनच अक्षर घडवायचे, म्हणजे ते कशाची तरी वाईट नक्कल ठरणार नाही. ‘ओकलंड’, ‘एम्परर’ यांसारखे त्यांचे सुरुवातीचे टाइपफेस असे जन्मले आणि ‘एमिग्रे’च्या तिसऱ्या अंकापासून त्यांत मजकूर छापला जाऊ लागला. वाचकांनी विचारणा केली की ही अक्षरे विकत मिळतील का, आणि त्या विचारणेतून एक व्यवसाय उभा राहिला.

येथे व्यवहाराची दिशा बदलली. आयटीसीकडे टाइप होते म्हणून तिने नियतकालिक काढले. या दोघांकडे नियतकालिक होते आणि त्याच्या गरजेतून टाइप आले. फॉन्टची विक्री वाढत गेली तशी ती नियतकालिकाला पोसू लागली, आणि पुढे काही काळ तर अंक ग्राहकांना विनामूल्य पाठवला जात असे. जाहिरातदाराची मर्जी सांभाळायची नसल्याने हव्या त्या विषयाला हवी तेवढी पाने देता आली. १९८८ चा दहावा अंक क्रॅनब्रुक या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हाती सोपवला गेला. कधी मुलाखतींचे मजकूर एकमेकांत गुंफून, तीन आकारांत, तिरके छापले गेले. ते वाचणे कष्टाचे होते हे नाकारण्यात अर्थ नाही. मला स्वतःला त्यातली काही पाने आजही वाचण्यापेक्षा पाहण्याच्या लायकीची वाटतात.

या पानांवरून जो वाद पेटला तो वाचनीयतेचा होता. न्यूयॉर्कमधील ज्येष्ठ डिझायनर मासिमो विन्येल्ली यांनी १९९१ मध्ये ‘एमिग्रे’च्या कामाला जाहीरपणे कचरा म्हटले. त्यांचे मत असे की चांगली टाइप मोजकीच असतात आणि ती नीट वापरणे हेच डिझायनरचे काम आहे. लिच्को यांनी १९९० च्या पंधराव्या अंकात आपली बाजू आधीच मांडून ठेवली होती: कोणतेही अक्षर स्वभावतः वाचनीय किंवा अवाचनीय नसते, माणूस जे जास्तीत जास्त वाचतो तेच त्याला सर्वांत सहज वाचता येते. युरोपात मध्ययुगीन काळ्या, टोकदार अक्षरांना वाचक एके काळी सरावलेले होते, आणि आज त्यांच्याच वंशजांना ती अक्षरे लावून वाचावी लागतात, हे त्यांचे उदाहरण होते. मराठी वाचकाला याचा पडताळा घरातच मिळतो. विसाव्या शतकात पणजोबा ज्या मोडीत हिशेब आणि पत्रे झरझर वाचत असत, ती मोडी आज बहुतेकांना तज्ज्ञाकडे न्यावी लागते. लिपी तीच राहिली, सराव तेवढा गेला. तरी लिच्को यांचे म्हणणे संपूर्ण सत्य मानण्याची गरज नाही. अक्षराच्या आतली पोकळी बुजली किंवा दोन अक्षरे एकमेकांत मिसळली, तर सरावानेही मर्यादितच मदत होते.

वादाचा शेवट मात्र मजेशीर झाला. लिच्को यांनी पुढे शांत, पुस्तकी वळणाकडे मोर्चा वळवला आणि १९९६ मध्ये अठराव्या शतकातील इंग्रज मुद्रक बास्करव्हिलच्या परंपरेतील ‘मिसेस ईव्ह्ज’ हे टाइप आणले, ज्याचे नाव जॉन बास्करव्हिलची गृहव्यवस्थापक आणि नंतरची पत्नी सेरा ईव्ह्ज हिच्यावरून ठेवले आहे. त्याच वर्षीच्या त्यांच्या ‘फिलोसोफिया’ या, इटालियन मुद्रक बोदोनीच्या वळणाच्या, टाइपचे घोषणापत्रक कोणी रचले, तर खुद्द विन्येल्लींनी. ‘एमिग्रे’चा एकोणसत्तरावा आणि अखेरचा अंक २००५ मध्ये निघाला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०११ मध्ये २३ डिजिटल टाइपफेस आपल्या संग्रहात घेतले, त्यांत ‘ओकलंड’ आणि बॅरी डेक यांचे ‘टेम्प्लेट गॉथिक’ अशी ‘एमिग्रे’ने प्रसिद्ध केलेली वळणे होती.

फॉन्ट विकून चालणाऱ्या नियतकालिकाला स्वतंत्र म्हणावे का, ही शंका रास्त आहे, कारण अंकातले प्रत्येक अक्षर विक्रीला ठेवलेले असते. माझ्या मते यात लपवाछपवी नसल्यामुळे ही जाहिरात इतर जाहिरातींपेक्षा प्रामाणिक ठरते. नवे टाइप पोस्टरवर दोन शब्दांत दाखवणे सोपे असते. चाळीस पानांच्या सलग मजकुरात ते वापरले की त्याची खोट पहिल्यांदा त्याच्या कर्त्यालाच दिसते.

पुस्तकांचा हिशेब निराळा आहे. लंडनमधील हायफन प्रेस हे रॉबिन किन्रॉस यांनी जवळजवळ एकहाती चालवलेले प्रकाशनगृह. त्याचे पहिले पुस्तक १९८० साली निघाले. त्यामागे ना मुद्रणालय होते, ना विक्रीला ठेवलेले टाइप. खर्च अत्यंत कमी ठेवायचा, पुस्तके सावकाश काढायची आणि ती वर्षानुवर्षे छापत राहायची, हेच त्याचे भांडवल. किन्रॉस यांचे स्वतःचे ‘मॉडर्न टायपोग्राफी’ १९९२ मध्ये आले. आधुनिक टायपोग्राफी विसाव्या शतकातील प्रयोगांपासून मोजण्याची सवय सोडून ते तिची सुरुवात सुमारे १७०० पर्यंत मागे नेते.

त्याच प्रकाशनगृहाने १९९६ मध्ये काढलेले फ्रेड स्मेयर्स यांचे ‘काउंटरपंच’ हे पुस्तक, स्वतंत्र प्रकाशनाशिवाय काय लिहिले गेले नसते, याचा चांगला नमुना आहे. सोळाव्या शतकात पोलादी पंच कसे कोरले जात, हा त्याचा विषय. पोलादाच्या दांड्याच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, तो पंच तांब्यावर ठोकून मातृका, म्हणजे साचा, तयार करायची आणि मातृकेत धातू ओतून खिळा काढायचा, हा क्रम सर्वश्रुत आहे. पण अक्षराच्या आतली पोकळी कशी करत? एक मार्ग म्हणजे ती कोरणीने खणायची. दुसरा मार्ग म्हणजे आधी त्या पोकळीच्याच आकाराचे दुसरे हत्यार बनवायचे आणि ते पंचाच्या टोकावर ठोकायचे. या हत्याराला काउंटरपंच म्हणतात. स्मेयर्स स्वतः पंच कोरायला शिकले आणि त्यांनी दाखवले की एकच काउंटरपंच रोमन लिपीतल्या एन, एच, एम, यू अशा अनेक अक्षरांना वापरता येत असल्याने त्यांच्या आतला पांढरा भाग आपोआप सारखा होतो. टाइपमधली एकसूत्रता डोळ्यांनी साधण्याआधी अवजाराने साधली जात होती. ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या गोलाव्यातील पोकळी सारखी असावी म्हणून देवनागरीचा आजचा डिझायनर पडद्यावर धडपडतो, त्याला हे प्रकरण फार जवळचे वाटेल.

एकविसाव्या शतकातील घडामोडींचा एक धागा थेट देवनागरीपर्यंत येतो. पेतर बिल्याक हे मूळ चेकोस्लोव्हाकियातील डिझायनर हेगमध्ये टायपोथेक ही आपली टाइप फाउंड्री (टाइपफेस बनवून विकणारी संस्था) १९९९ पासून चालवतात. २००० साली त्यांनी स्टुअर्ट बेली आणि इतरांबरोबर ‘डॉट डॉट डॉट’ हे नियतकालिक सुरू केले, जे २०१० पर्यंत वीस अंक चालले आणि पुढे पुढे डिझाइनपासून बरेच लांब, साहित्य व संगीताकडे भटकत गेले. २००९ मध्ये त्यांनी सत्या राजपुरोहित यांच्यासह अहमदाबादेत इंडियन टाइप फाउंड्री स्थापन केली. राजपुरोहित यांचे ‘कोहिनूर’ देवनागरी ॲपलच्या फोनवर मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. २०१३ ते २०१७ या काळात बिल्याक यांनी ‘वर्क्स दॅट वर्क’चे दहा अंक काढले. त्याचे भांडवल त्यांनी वाचकांकडून अंक निघण्यापूर्वीच गोळा केले, आणि वितरकाचा मोठा हिस्सा वाचवण्यासाठी वाचकांनीच सवलतीत गठ्ठे घेऊन आपल्या गावातील दुकानांत पोहोचवावेत अशी पद्धत बसवली.

मराठी मुलखात या विषयावरील पायाभूत पुस्तके संस्थांच्या आश्रयाने निघाली. गोव्यात १५५६ मध्ये सुरू झालेल्या मुद्रणापासूनचा इतिहास सांगणारे अ. का. प्रियोळकर यांचे इंग्रजी पुस्तक १९५८ साली मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाने प्रसिद्ध केले. बापूराव नाईक यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा तीन खंडांचा ग्रंथ १९७१ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने काढला. साठोत्तरी लघुअनियतकालिकांना स्वतंत्र म्हणता येईल, आणि त्या वर्तुळात अरुण कोलटकरांसारखे व्यवसायाने जाहिरातक्षेत्रातील डिझायनरही होते. परंतु त्यांचा विषय कविता होता आणि सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर अक्षराचे वळण निवडण्याची सोय नव्हती.

‘एमिग्रे’चा मार्ग देवनागरीसाठी जसाच्या तसा उचलता येणार नाही, कारण पैशाचा उगमच बदलला आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळतात. त्यांचा परवाना ते कोणालाही वापरण्याची, बदलण्याची आणि इतर सॉफ्टवेअरबरोबर वाटण्याची मुभा देतो, फक्त फॉन्ट एकटा विकण्यास मनाई करतो. वाचकाच्या आणि छोट्या प्रकाशकाच्या दृष्टीने हे वरदान आहे. पण अशा व्यवस्थेत डिझायनरच्या मोबदल्याचा प्रश्न काम करवून घेणाऱ्याकडे, म्हणजे सुरुवातीलाच, मिटवावा लागतो. प्रत्येक नव्या वापरकर्त्यामागे जमा होणारी जी रक्कम ‘एमिग्रे’कडे पुढच्या अंकाच्या छपाईला लागत असे, ती येथे जमाच होत नाही. उरतो तो कंपन्यांसाठी खास फॉन्ट बनवण्याचा व्यवसाय, ज्यात चांगले पैसे आहेत पण ते अक्षर फक्त त्या कंपनीच्या कामात दिसते, आणि बिल्याक यांनी वापरलेला आगाऊ वर्गणीचा रस्ता, ज्याला अंक हाती येण्याआधी पैसे देणारे काहीशे वाचक लागतात.